तिसऱ्या बेसचा लाल दिवा

सिल्वानो फेलिसचा उजवा हात सोळा मोसम समुद्राकाठच्या बाराओना गावात गाजत होता. पेलिकन संघाच्या उजव्या मैदानात, कुंपणाला जवळजवळ पाठ लावून तो उभा राहायचा. तिथून त्याने फेकलेला चेंडू कुठेही जमिनीला न टेकता थेट कॅचरच्या हातमोज्यात जाऊन आदळायचा. बेसबॉलमध्ये धाव हवी तर तीन बेस ओलांडून पुन्हा घरी यावं लागतं. घर म्हणजे फलंदाजाच्या पायाशी रोवलेली पांढरी पाटी; तिच्यामागे चेंडू पकडायला कॅचर बसतो. समोरच्या संघाची पोरं तिसऱ्या बेसपर्यंत वाऱ्यासारखी यायची, आणि सिल्वानोच्या हातात चेंडू दिसला की टाचा रोवून जागच्या जागी थांबायची. कोणी बाद झालेलं नसायचं, चेंडूही अजून त्याच्याच हातात असायचा, तरी स्टेडियम टाळ्यांनी दुमदुमायचं. बाराओनात पोराने दगड लांब भिरकावला की आया म्हणायच्या, "पुरे रे सिल्वानो, खिडक्या फोडशील!"

तो साखर कारखान्याच्या वस्तीत जन्मला. बाप कारखान्यात चरकावर मिस्त्री होता. घरासमोरून पाण्याचा रुंद पाट जायचा आणि पाटापलीकडे आंबट संत्र्यांची झाडं होती. अलीकडची पोरं आणि पलीकडची पोरं एकमेकांना कच्च्या संत्र्यांनी बडवायची. सिल्वानोचं संत्रं पाट ओलांडून, झाडं ओलांडून, पलीकडच्या वस्तीतल्या पत्र्यावर जाऊन वाजायचं. सतराव्या वर्षी एका अमेरिकन संघाच्या माणसाने त्याला पाहिलं आणि उचललं. मग बारा वर्षं उन्हाळाभर अमेरिकेतली छोटी छोटी गावं, लांबलांबचे बसप्रवास, नळाचं पाणीसुद्धा दात ठणकवणारं. मोठ्या लीगमध्ये तो एकूण एक्केचाळीस दिवस खेळला. बॅटने फारसं काही जमलं नाही. पण त्या एक्केचाळीस दिवसांत त्याने एक फेक अशी केली, की तिकडचे टीव्हीवाले ती आठवडाभर दाखवत होते. हिवाळा आला की मात्र तो घरी. हिवाळ्यात बाराओनात बेसबॉल असतो, आणि बेसबॉल असला की बाराओनात दुसरं काही नसतं.

एकोणचाळिसाव्या वर्षी त्याच्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला.

सप्टेंबरातल्या एका सकाळी पेलिकनचे मॅनेजर फाउस्तो कुएवास त्याच्या घरी आले. सत्तरीचा माणूस, पोट सुटलेलं, आवाज भोंग्यासारखा. सिल्वानोच्या बायकोने, नुरिसने, तळलेला मासा आणि केळ्याचे चपटे काप पुढे ठेवले. फाउस्तोंनी मासा संपवला, काटे बाजूला लावले, बोटं पुसली. तोपर्यंत ते हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत, आणि फाउस्तो इतका वेळ गप्प बसले म्हणजे काय ते सिल्वानोला कळून चुकलं.

"सांगून टाका साहेब," तो म्हणाला. "मासा तर संपला."

"या मोसमात उजव्या मैदानात तू नाहीस."

"बरं."

"बरं काय? भांड की जरा! मी घरून तयारी करून आलोय."

"गुडघा माझा आहे साहेब. मला तुमच्या आधी कळलंय."

फाउस्तोंनी खुर्ची पुढे ओढली. "मग ऐक. तिसऱ्या बेसजवळ चुन्याचा चौकोन असतो ना, तिथे तू उभा राहायचंस. कोच म्हणून. आपला माणूस धावत आला की तू ठरवायचं, घरी पाठवायचा की थांबवायचा."

सिल्वानो हसला. "जन्मभर मी लोकांना घरी जाऊ दिलं नाही, आणि आता पाठवू?"

"म्हणूनच! मैदानातून चेंडू कसा येतो हे तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

आतून नुरिसचा आवाज आला, "साहेब, घेऊन जा त्याला. चार महिने घरात बसला तर मीच फेकून देईन, आणि माझी फेकही काही वाईट नाही."

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला. पहिल्या सामन्याला सिल्वानो चुन्याच्या चौकोनात येऊन उभा राहिला तेव्हा आठ हजार माणसं उठून उभी राहिली. ढोल वाजले, शिट्ट्या वाजल्या, एका म्हातारीने कठड्यावरून वाकून त्याला फुलांचा गुच्छ दिला. तिसऱ्या डावात पेलिकनचा सगळ्यात चपळ पोरगा दुसऱ्या बेसवरून सुटला. चेंडू उजव्या मैदानात गेला होता. सिल्वानोने मान वळवून पाहिलं, क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू दिसला, आणि त्याचे दोन्ही तळवे आपोआप वर गेले. थांब! पोरगा थांबला. चेंडू कसाबसा चार टप्पे खात, दमून भागून, बऱ्याच वेळाने घराशी पोचला. तेवढ्या वेळात पोरगा घरी जाऊन पाणी पिऊन परत आला असता.

सहाव्या डावात पुन्हा तेच. आठव्यातही तेच. पेलिकन एका धावेने हरले.

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. मैदानात कुणीही असो, लंगडा, म्हातारा, खांद्याला पट्टी बांधलेला, सिल्वानोचे तळवे वर जायचेच. रेडिओवरचा समालोचक म्हणायला लागला, "श्रोतेहो, तिसऱ्या बेसवर आजही वाहतूक ठप्प आहे." मग कुणीतरी त्याला "लाल दिवा" म्हणालं, आणि ते नाव एका संध्याकाळात गावभर झालं. पेलिकनचा माणूस दुसरा बेस ओलांडायला लागला की आख्खं स्टेडियम तालात ओरडायचं, "लाल दिवा! लाल दिवा!" ढोलवाल्यांनी त्याला ठेकासुद्धा बसवला होता. तिसऱ्या बेसमागच्या रांगेतले लोक लाल टोप्या घालून यायला लागले. एकाने तर ट्रकचा मागचा दिवा बॅटरीला जोडून आणला होता.

"लोक विनोद करतात म्हणजे अजून रागावलेले नाहीत," फाउस्तो म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी रागावलोय."

त्या रविवारी सिल्वानो घरी आला आणि जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसला. नुरिस शाळेत चौथीला शिकवायची. समोर वह्यांचा ढीग होता, हातात लाल पेन.

"आज कुणाला थांबवलंस?" तिने वर न बघता विचारलं.

"चौघांना."

"त्यातले किती खरोखर बाद झाले असते?"

सिल्वानोने बोटं मोजली. "एक," तो म्हणाला. "कदाचित तोही नाही."

नुरिसने पेन खाली ठेवलं. "तुला सांगू? तिथे मैदानात जो कोणी उभा असतो ना, त्याच्या खांद्याला तू तुझा हात जोडून बघतोस. उजव्या मैदानाकडे बघतोस, आणि तुला दिसतोस तू. पंचवीस वर्षांचा सिल्वानो. त्याच्यापुढे कोण धावणार? मी पण थांबवलं असतं."

"मग करू काय?"

"मी काय करते? नवीन वर्ग आला की पहिला आठवडा नुसती बघते. कोण खिडकीबाहेर बघतो, कोण शेजाऱ्याचं लिहून घेतो, कुणाला फळ्यावरचं दिसतच नाही. तू बघितलंयस का त्यांच्याकडे कधी?"

बघितलं नव्हतं. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्या कुठल्या क्षेत्ररक्षकाकडे नीट बघितलं नव्हतं. बघायची गरजच काय होती?

दुसऱ्या दिवशी तो सामन्याच्या तीन तास आधी स्टेडियममध्ये गेला आणि उजव्या मैदानामागच्या फळकुटावर, कोंबड्यांसारख्या कलकलाट करणाऱ्या फेरीवाल्या बायकांमध्ये जाऊन बसला. खाली पाहुण्या संघाचा सराव चालला होता. त्याने बघायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत हबकला. मधल्या मैदानातला तो नावाजलेला खेळाडू चेंडू उचलल्यावर तीन पावलं टाकायचा, मग फेकायचा. तीन! डावीकडचा हातमोज्यातला चेंडू आधी दोनदा चाचपायचा. उजवीकडच्याची फेक जोरदार होती, पण हात असा तिरका यायचा की चेंडू दर वेळी घराच्या उजवीकडे हातभर भरकटायचा. सिल्वानो फळकुटावर उठून उभाच राहिला.

"अगं बाई, हे तर काहीच नाही!" तो शेजारच्या केळीवालीला म्हणाला. "यांच्या फेकीपुढे तर मी या गुडघ्यानेही धावेन!"

"मग पाठव ना रे मेल्या पोरांना घरी," ती म्हणाली. "माझा नवरा रोज हरून येतो आणि राग माझ्या जेवणावर काढतो."

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा हात गरागरा फिरवला. जा! पळ! धावणारा इतका चकित झाला की तिसऱ्या बेसवर अडखळला, पण घरी पोचला, चेंडूच्या कितीतरी आधी. स्टेडियममध्ये असा काही कल्लोळ उठला की समुद्रावरचे खरे पेलिकन उडाले असतील. त्या सामन्यात त्याने तिघांना पाठवलं, तिघेही सुखरूप. पुढच्या आठवड्यात अकरा जणांना. रोज तीन तास आधी तो फळकुटावर, मांडीवर नुरिसने दिलेली चौथीची जुनी वही. कुणाचं पाऊल, कुणाचा खांदा, कोण चेंडू हातात येण्याआधीच मान वर करून धावणाऱ्याकडे बघतो. हळूहळू त्याला त्यातली गोडी लागली. उजव्या मैदानात उभं राहून चेंडूची वाट बघण्यात जी मजा होती, तितकीच, कदाचित थोडी जास्तच. तिथे फक्त स्वतःचा हात होता. इथे सगळ्यांचे होते.

डिसेंबर उलटला तेव्हा पेलिकन पाचव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आले होते. जानेवारीत ते अंतिम फेरीत पोचले. समोर पुएर्तो प्लाताचे मरिनेरो, उत्तरेकडचा संघ. आणि त्यांच्या उजव्या मैदानात एदिसन उरेन्या.

एदिसनला फेकायला शिकवलं होतं सिल्वानोनेच. चार वर्षांपूर्वी तो विशीचा पोरगा बाराओनात राखीव खेळाडू म्हणून आला, आणि दोन हिवाळे सकाळी सात वाजता सिल्वानोबरोबर मैदानात राबला. पाऊल कुठे, कोपर कुठे, चेंडूच्या शिवणीवर बोटं कशी. मग खेळाडूंच्या अदलाबदलीत तो उत्तरेला गेला. आता देशात त्याच्यासारखा हात नव्हता. या मोसमात त्याच्या फेकीपुढे धावून घरी पोचलेल्यांची संख्या शून्य होती, कारण धावलाच कुणी नव्हता.

सातपैकी सहा सामने झाले, तीन इकडे, तीन तिकडे. सातवा, शेवटचा, बाराओनात. रविवारी दुपारी चार वाजता.

सकाळपासून गावात दुकानं बंद. पाद्रीबुवांनी प्रवचन इतकं आवरतं घेतलं की अर्ध्या लोकांना ते सुरू झाल्याचं कळलंच नाही. दुपारी दोनला स्टेडियमच्या भिंतीवर माणसं, बाहेरच्या बदामाच्या झाडांवर माणसं, विजेच्या खांबावर एक. सराव संपवून आत जाताना एदिसन तिसऱ्या बेसजवळून गेला.

"मास्तर!" त्याने हाक मारली. "वहीत माझंही पान आहे म्हणे?"

"आहे की."

"काय लिहिलंय?"

"कोरं आहे," सिल्वानो म्हणाला, आणि ते खरं होतं. सहा सामने बघूनही त्याला त्या फेकीत खोट सापडली नव्हती.

एदिसन खूश होऊन हसला. "मग आज हात खिशात ठेवा, मास्तर!"

सामना सुरू झाला आणि पहिल्या चेंडूपासून कुणी खाली बसलं नाही. मरिनेरोंनी दोन धावा घेतल्या. पेलिकननी तीन घेतल्या. मरिनेरोंनी पुन्हा दोन. सहाव्या डावात पेलिकनचा चपळ पोरगा दुसऱ्या बेसवरून सुटला, चेंडू एदिसनकडे. सिल्वानोच्या अंगात आलं. त्याने हात फिरवला. एदिसनने चेंडू उचलला, एक पाऊल टाकलं, आणि हवेत एक सरळ रेघ ओढल्यासारखा चेंडू आला. पोरगा घरापासून चांगला दोन ढांगा लांब होता. बाद! आणि आठ हजार गळ्यांमधून, सहा आठवड्यांनी पहिल्यांदा, पुन्हा तो ठेका सुरू झाला. "लाल दिवा! लाल दिवा!" या वेळी मात्र अर्थ उलटा होता. थांबवायचा होतास रे, थांबवायचा!

दूर उजव्या मैदानात एदिसनने टोपी काढून मास्तरला सलाम ठोकला.

"अजून एकदा एदिसनच्या फेकीपुढे कुणाला पाठवलंस," डाव संपल्यावर फाउस्तो भोंग्याच्या आवाजात म्हणाले, "तर मी तुला त्याच्यामागे घरापर्यंत पळवीन, गुडघा गेला खड्ड्यात!"

आठव्या डावात पेलिकननी एक धाव काढून बरोबरी केली. चार चार. नवव्या डावात मरिनेरो काही करू शकले नाहीत. आता शेवटची पाळी पेलिकनची.

पहिला बाद. दुसरा बाद. स्टेडियममधले ढोल मंदावायला लागले. मग आला क्रिस्पिन मेदरानो, पेलिकनचा कॅचर. एकशे दहा किलोचा गडी, मानेला घड्या, चालताना धापा टाकणारा. त्याने पहिल्याच चेंडूवर असा तडाखा दिला की चेंडू डाव्या कुंपणावर जाऊन थडकला. दुसरा कुणी असता तर तिसऱ्या बेसवर पोचला असता. क्रिस्पिन दुसऱ्या बेसवर कसाबसा पोचला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

सगळं स्टेडियम फाउस्तोंकडे बघत होतं. त्याच्या जागी धावायला कुणी पोरगा पाठवा! पण फाउस्तोंनी मान हलवली. दुसरा कॅचर आठव्या डावात फलंदाजीला वापरून झाला होता, आणि बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. क्रिस्पिन बाहेर गेला आणि सामना लांबला, तर पुढे कॅचर म्हणून बसणार कोण?

फलंदाज सज्ज झाला. सिल्वानोने मागे वळून पाहिलं, यानंतर कोण? वाल्दो. बिचारा वाल्दो. अंतिम फेरीत सतरा वेळा फलंदाजीला आला होता आणि सतराही वेळा बाद झाला होता. तो आत्ताच बॅट अशी धरून उभा होता, जणू कुणी मेलेली कोंबडी सांभाळायला दिली आहे.

पिचरने चेंडू टाकला. टक्! जमिनीलगत, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून चेंडू सुसाट गेला. उजव्या मैदानात. एदिसनकडे.

क्रिस्पिन निघाला. जमीन हादरत होती. सिल्वानोची नजर एकदा त्याच्यावर, एकदा उजव्या मैदानावर. एदिसन पुढे धावत आला, चेंडू उचलला, तेव्हा क्रिस्पिन तिसऱ्या बेसपासून तीन पावलं लांब होता. सिल्वानोने स्वतःच पोरांना शिकवलेला नियम साधा होता. चेंडू हातात आणि आपला माणूस तिसऱ्याच्या अलीकडे, तर थांबवा. एदिसन असेल तर दहा पावलं आधीच थांबवा. आठ हजार माणसं एका आवाजात ओरडत होती, "थां-ब-व!"

आणि त्या क्षणी सिल्वानोच्या डोक्यात एदिसनचा हात नव्हताच. डोक्यात होता वाल्दो. क्रिस्पिनला थांबवला, तर हा सामना वाल्दोच्या बॅटवर. पाठवला, तर एका फेकीवर. फेक बिनचूक येणार, ते नक्की. पण फेक बिनचूक आली म्हणजे काम संपत नाही. ती कुणीतरी पकडायची असते, वळायचं असतं, पाटीला हात लागण्याआधी चेंडू धावणाऱ्याच्या अंगाला लावायचा असतो. आणि क्रिस्पिन स्वतः कॅचर आहे. कॅचरचा हातमोजा कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

सिल्वानोचा उजवा हात फिरायला लागला. गरगर, गरगर, जणू विहिरीचा रहाट.

"जा! जा बैला! जा!"

क्रिस्पिनच्या डोळ्यांत क्षणभर निव्वळ भीती दिसली. मग त्याने मान खाली घातली आणि तिसऱ्या बेसला लाथ मारून वळला. सिल्वानो चुन्याचा चौकोन सोडून त्याच्या बाजूने धावत सुटला, दुखऱ्या गुडघ्यासकट. "बाहेरून! बाहेरून जा! डावा हात!"

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला तो चेंडू दिसला. आख्ख्या आयुष्यात त्याने तशी फेक बघितली नव्हती. कमरेच्या उंचीवरून, गवतावर सावली ओढत, शिट्टीसारखा आवाज करत ती आली. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "वा रे माझ्या वाघा!" आणि त्याला स्वतःलाच कळलं नाही की हे आपण कुणाला म्हणालो.

चेंडू आधी पोचला. हे सगळ्यांनी पाहिलं. कॅचरने तो घेतला, गुडघ्यावर वळला, हातमोजा फिरवला. क्रिस्पिन पोटावर पडला. एकशे दहा किलोंचं ते धूड धुळीत घसरत पाटीच्या बाहेरच्या बाजूने पुढे गेलं. त्याने उजवा हात छातीखाली ओढून घेतला. हातमोजा तिथल्या हवेतून गेला, जिथे तो हात आत्ता असायला हवा होता. आणि पाटी मागे पडता पडता क्रिस्पिनचा डावा हात मागे वळला, दोन बोटं पांढऱ्या कडेला टेकली.

धूळ. काही दिसेना. अंपायर वाकला होता.

मग अंपायरचे दोन्ही हात आडवे पसरले.

सुखरूप!

पुढे काय झालं ते सिल्वानोला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. फाउस्तो टोपी पायाखाली तुडवत नाचत होते आणि त्यांच्या भोंग्यातून आवाजच फुटत नव्हता. वाल्दो रडत होता, बॅट अजून हातातच. खेळाडूंनी क्रिस्पिनला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, एक वीतभर उचलला आणि सगळे त्याच्यासकट आडवे झाले. भिंतीवरची माणसं मैदानात उतरली, कुणीतरी सिल्वानोच्या गालांचे मुके घेत होतं, आणि बघतो तर ती केळीवाली.

"काय हिंमत रे तुझी!" ती ओरडली. "माझा नवरा बेशुद्ध पडलाय तिकडे!"

"बरा आहे ना?"

"आहे! हसतोय बेशुद्धीत!"

गर्दीतून वाट काढत नुरिस आली. इस्त्रीच्या कपड्यासारखा नीटनेटका ठेवलेला तिचा शाळेचा आवाज पार बसला होता. तिने त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "क्रिस्पिनला? एदिसनच्या फेकीपुढे? क्रिस्पिनला?" ती एवढंच म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्याला गदागदा हलवत होती.

तेवढ्यात समोर एदिसन उभा राहिला. चेहरा धुळीने माखलेला, डोळे लाल. आजूबाजूचा गोंगाट चालूच होता, पण या दोघांभोवती लोकांनी थोडी जागा सोडली.

"का मास्तर?" एदिसन म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला होता. "मी काय चुकलो? पाऊल चुकलं? कोपर? तुम्हाला काय दिसलं माझ्यात?"

"काही नाही."

"खोटं बोलू नका! काही दिसल्याशिवाय तुम्ही त्या बैलाला माझ्या फेकीपुढे पाठवणार नाही. वहीत काय लिहिलंय सांगा. मी सुधारतो."

"एदिसन, शपथेवर सांगतो. पान कोरंच आहे. मागे वाल्दो होता रे. तुझ्यावर जुगार लावला, कारण वाल्दोवर लावायला माझी छाती झाली नाही."

एदिसनने वाल्दोकडे पाहिलं. वाल्दो अजून बॅट धरून रडत होता. हसू आवरेना म्हणून एदिसनने हाताने तोंड झाकलं.

"मग फेक..."

"फेक!" सिल्वानोने त्याचा खांदा धरला, उजवा. सोळा मोसमांत, अमेरिकेतल्या बारा उन्हाळ्यांत, घरात, दारात, दारूच्या गुत्त्यात, कुठेही त्याने हे वाक्य कुणाबद्दल उच्चारलं नव्हतं. आज ते सहज निघालं, आणि काही दुखलंही नाही. "अशी माझी कधी झाली नाही. एकदाही नाही. टीव्हीवर दाखवली ती सुद्धा नाही."

एदिसनने मास्तरला मिठी मारली, घट्ट, धुळीसकट, आणि मग झटकन वळून आपल्या लोकांकडे निघून गेला. जाताजाता ओरडला, "पुढच्या वर्षी पाठवून बघा!"

"पाठवणार!" सिल्वानो ओरडला. "क्रिस्पिनलाच पाठवणार!"

सूर्य नुकताच डोंगरामागे गेला होता. स्टेडियमबाहेर केळ्यांचा एक मोठा ट्रक उभा होता. क्रिस्पिनला खांद्यावर नेणं जमेना, म्हणून बारा जणांनी ढकलून त्याला ट्रकवर चढवलं, आणि त्याच्यामागे फाउस्तोंना, वाल्दोला, ढोलवाल्यांना. सिल्वानोला वर ओढायला खाली आठ हात आले. त्याने नुरिसला आधी चढवलं, मग दुखरा गुडघा फळीवर टेकून स्वतः चढला. ढोल सुरू झाले. ट्रक समुद्राच्या रस्त्याला लागला, मागे मोटरसायकली, सायकली, पळणारी माणसं, खिडक्यांतून हलणाऱ्या उशांच्या खोळी आणि टेबलक्लॉथ.

"साहेब," सिल्वानो फाउस्तोंच्या कानात ओरडला, "तुम्ही मला घरापर्यंत पळवणार होतात ना?"

फाउस्तोंचा आवाज गेलेला होता. त्यांनी ओठ हलवून काहीतरी सांगितलं, ते काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी नुसताच हात फिरवला, गरगर, आणि ट्रकवरच्या सगळ्यांनी, रस्त्यावरच्या सगळ्यांनी तसेच हात फिरवायला सुरुवात केली.